परक्या कुळाची पोर

"चावी मागायला आली होती ती माझ्याकडे. एवढंच काम," जीवरामनाना म्हणाले आणि तंबाखू मळू लागले.

नाना आमच्या जळगावच्या नर्सिंग होस्टेलचे वॉचमन. त्याआधी वीस वर्षं धुळ्याच्या एका खासगी दवाखान्यात वॉर्डबॉय होते. परवा रात्री लाइट गेली म्हणून आम्ही तिघी पायऱ्यांवर त्यांच्याजवळ जाऊन बसलो. माझ्या नाइट ड्यूट्या येत्या सोमवारपासून आहेत. मी हे ऐकायला नको होतं.

"गेल्या वर्षी, तीन ऑगस्ट. कानबाईचा रविवार. पोरीचं नाव सारिका. तुमच्यासारखीच, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, ड्यूट्या आमच्या दवाखान्यात. नवरा सुरतेला गेला तो तिकडचाच झाला. पदरी चार वर्षांची भूमी. राहायची देवपुरात, भावाच्या मागच्या खोलीत. भाऊ लोटन. गल्लीत 'लोटनशेठ' म्हणवून घ्यायचा. शेठ कशाचा, ते विचारू नका.

"नाइट असली की पोर वहिनीजवळ झोपायची. वहिनी रोज ऐकवायची, 'नर्स तू होशील, अन् हगंमुतं आम्ही काढायचं.' चार वर्षांच्या पोरीचं कसलं हगंमुतं? पण जिभेला काय जातं!

"त्या दिवशी घरी कानबाई देवी बसलेली. नैवेद्याचे रोट केलेले. घरातल्या माणसांच्या नावानं मुठी मोजून गहू घ्यायचे, दळायचे, आणि तो रोट त्याच कुळातल्यांनी खायचा. परक्यानं तुकडाही मोडायचा नाही. वहिनीनं दारातच सांगितलं, 'आज घरमा रोट शेतस. तुनी पोर परक्या कुळनी. लई जाय तिले.' लोटन तिथंच उभा. तोरण बांधत होता. सकाळी कानबाईला डोक्यावर घेऊन नाचणार, आणि भाची उंबऱ्याबाहेर. भक्त म्हणे!" नाना बाजूला पचकन थुंकले.

"त्या रात्री नाइट, आणि सारिकाच्या तीन गैरहजेऱ्या झालेल्या. चौथी पडली की परीक्षा गेली. वर्ष गेलं. मेट्रनबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, 'इथं आम्ही नर्स घडवतो, पोरं सांभाळत नाही.' पाठीमागे भिंतीवर पाटी, सेवा हीच माया. वा!

"मग आली माझ्याकडे. बायकांच्या वॉर्डाच्या टोकाला एक खोली बंद असायची. प्रमिलाबाई सिस्टरची. नवऱ्यानं टाकलेली बाई. तीस वर्षं त्या खोलीत राहून ड्यूटी केली, आणि गेलीही तिथंच. भावांना फोन केला. म्हणाले, पेरण्या चालल्यात. तीन दिवस प्रेत पडून. शेवटी आम्ही चार वॉर्डबॉयांनीच..."

समोरच्या रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली आणि मी दचकले.

"खोलीत लोखंडी कॉट होती. पोरीला झोपवलं. ती बाहेर येऊन कोणाला दिसू नये म्हणून बाहेरून कुलूप घातलं. मीच घातलं. चावी एकच, ती माझ्या खिशात. पोरीला कोंडणारा मी, मी तरी कुठला मोठा लागून गेलो?

"दोन वाजून चाळीस मिनिटं. सारिका जिन्यावरून धावत आली. 'नाना, चावी! भूमी रडत होती... एकदम थांबली.'

"वर गेलो. लांब कुठंतरी कानबाईची गाणी चाललेली. स्पीकरवर. एक गाणं संपलं. शांत झालं.

"आतून आवाज आला. थोपटण्याचा. संथ. एक... एक... एक...

"सारिकानं दाराला तोंड लावलं. 'भूमी?'

"थोपटणं थांबलं.

"मग बाईचा आवाज. हळू. पण त्यात असा तिटकारा, की माझीच मान खाली गेली. 'आता आठवण झाली सगळ्यांना?'

"सारिका हलेना.

"'झोपली ती. जा. पेशंट बघ तुझे.'"

"मग?" मी विचारलं. शेजारणीचा हात मी इतका घट्ट धरला होता की ती कळवळली.

"चावी लागेना. मग लागली. दार उघडलं. कोणी नाही. खिडकीला गज. पोर कॉटवर गाढ झोपलेली. एक मूठ मात्र घट्ट मिटलेली. सारिकानं एकेक बोट सोडवलं.

"रोटाचा तुकडा. ऊन ऊन."

"भावाच्या घरून आणला असेल तिनं," आमच्यातली एक घाईघाईनं म्हणाली.

"त्या घरून? वहिनीनं सकाळी रोट मोजले. तीन वेळा. चोर ठरवायला माणूस हवंच होतं तिला. एकही कमी निघाला नाही. तोंड बघण्यासारखं झालं होतं म्हणे." नाना हसले. लगेच थांबले. "सारिका पास झाली. आता शिरपूरला नोकरी करते, पोर शाळेत जाते. भावाच्या दारात पुन्हा पाय ठेवला नाही."

"पण मग तो रोट... कोणाच्या कुळाचा?"

लाइट अजून आली नव्हती.

"टॉर्च मीच धरली होती," बऱ्याच वेळानं ते म्हणाले. "तुकड्याच्या एका कडेला पोरीच्या दुधाच्या दातांची बारीक खूण होती. आणि दुसऱ्या कडेला...

"आणखी एक घास घेतलेला होता. मोठ्या माणसाचा."