खोडाळ्याचा आवाज

गोदा आणि मधु मास्तर यांची पहिली गाठ पडली ती हवेत, आणि तीही मधुच्या चुकीपायी. जव्हार संस्थान विलीन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. तिथल्या शाळेत विज्ञान शिकवणारा हा तरुण लढाईतले जुने सुटे भाग जुळवून केलेल्या हौशी रेडिओवर रोज संध्याकाळी तारेची कळ बडवत बसायचा... पण त्याची कट्ट-कडकट्टची मोर्स लिपी अशी गिचमिड, की वीस-बावीस मैलांवर खोडाळ्यात ती ऐकून गोदाला राहवलं नाही. मास्तर, एका हातानं भात कांडताय का — असं तिनं कळीवरूनच विचारलं.

गोदा देवजी तारबाबूंची लेक. कळ बापानं शिकवली, रेडिओचा परवानाही बापलेकीनं मिळूनच काढलेला. तिच्या बोटांत भारी मिश्कीलपणा होता. तीन महिन्यांत मधुची लिपी सुधारली आणि डोकं मात्र कामातून गेलं.

दिवाळीत ती भाऊबीजेला मोखाड्याला मामाकडे निघाली. निरोप घेताना कळीवर ठोकायचे ठरलेले आकडे सोडून त्या दिवशी तिनं एकच शब्द ठोकला — 'येते'. आपल्यात 'जाते' कोण म्हणतं? मधुलाही हे ठाऊक होतं. पण ज्याला जे हवं असतं तेच ऐकू येतं! दुसऱ्या दिवशी नवा सदरा घालून तो जव्हारच्या मोटार स्टँडवर तीन गाड्या होईपर्यंत उभा राहिला.

आठवड्यानं त्यानं हे रुसून कळवलं, तेव्हा गोदा आधी पोट धरून हसली. मग तिचे डोळे भरून आले. तिच्यासाठी आजवर कुणी असं ताटकळलं नव्हतं.

पण पाठोपाठ त्याचा निरोप आला. आवाज ऐकला असता तर हा घोळ झाला नसता. आता कळीऐवजी तोंडानं बोलायची परवानगी मिळाली आहे, तुमच्या सेटसाठीही भाग जुळवतोय. जोडू?

गोदाची बोटं कळीवर तशीच राहिली. कळीवर कधी न अडणारी गोदा तोंडानं लहानपणापासून अडखळायची. तिला हवं असायचं मीठ, आणि 'मि' म्हणताच दुकानदार मिरच्या तोलायचा. एकदा का मधुनं हे ऐकलं, की संपलंच सगळं.

"नाय म्हणायचं तं कळीवर नको, पोरी," देवजी म्हणाले. "तोंडानं सांगून ये."

म्हणून ती जव्हारला गेली. शाळेच्या ओसरीवर मधु तारांना डाग देत बसला होता. त्यानं मान वर केली, तर समोर अनोळखी मुलगी.

"मी ख... ख..."

त्यानं हातातलं बाजूला ठेवलं आणि नुसता ऐकत राहिला. पलीकडच्याचं पुरं होईस्तोवर आपण कळीला हात लावायचा नाही, ही कळीची शिस्त त्याच्या अंगी मुरली होती.

"...खोडाळा."

मधु उठून उभा राहिला. दोघंही लाजली. मग गोदानं धीर करून, सावकाश, सगळं सांगितलं. लोक तिचं वाक्य पुरं करतात... चुकीचं करतात... म्हणून तिला बोलायचं यंत्र नको.

मधुनं बाजूला ठेवलेलं यंत्र तिच्यापुढे सरकवलं.

"यात बोलताना दाबून धरायचं एक बटण असतं," तो म्हणाला. "तुम्ही ते सोडेपर्यंत मी काही बोललो तरी तुम्हाला ऐकू यायचं नाही. एका शब्दाला तासभर घ्या." आणि मग खाली बघून, "खरं म्हणजे... बटण नसलं तरी मी थांबेन."

गोदानं त्याच्याकडे पाहिलं. नकाराचं वाक्य तिनं मोटारीत बसून पाठ केलं होतं, आता त्यातला एक शब्द आठवेना.

"जो... जोडा," ती म्हणाली.

मग तिनं विचारलं, बाबांना भेटायला, रीतसर मागणी घालायला, तो खोडाळ्याला कधी येणार. वाक्य लांबलचक होतं आणि तिला ते पुरं करायला फार वेळ लागला. मधुला प्रश्न पहिल्या अक्षरालाच कळला होता, तरी तो शेवटच्या अक्षरापर्यंत गप्प बसला.