रिकामा दोर

खोटं वाटलं तर वाटू दे. पियसीलीने हे मला स्वतः सांगितलं. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर, आमच्या वड्डुवात घडलं, वेसाकच्या म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या आदल्या सकाळी, लख्ख उजेडात.

आमचे माडी काढणारे नारळाच्या शेंड्यावरून शेंड्यावर काथ्याच्या दोरांवरून चालत जातात, पाय खालच्या दोरावर, हात वरच्या दोराला धरून. दोरावर एका वेळी एकच माणूस. पुढचा झाडाशी पोचून "ये" म्हणतो, मगच मागचा पाय टाकतो.

पियसीलीच्या नवऱ्यामागे, विमलदासमागे, त्यांचा रुवन चालायचा. गेल्या वर्षी तो दोरावरून पडला...

आणि गेला.

तेव्हापासून विमलदासला गरगरायचं. मान वळवली की झाडं फिरायची, दोर हलायचा. "मागे रुवन चालतोय," म्हणायचा.

पोरगा गेला, आता नवराही जाणार, या धास्तीने पियसीलीने त्याला डॉक्टरकडे ओढत नेलं.

डॉक्टरने त्याची मान एका बाजूला वळवून त्याला झटकन उताणं केलं, डोकं खाटेबाहेर लोंबतं. बुबुळं थरथरू लागली. कानाच्या आतले बारीक खडे जागा सोडून फिरतायत, म्हणाला. मग डोकं हळूहळू वळवत ते जागेवर नेले.

"माझ्या डोक्यात काहीच नाही म्हणायचीस ना? खडे तरी निघाले," विमलदास वाटेत हसला. वर्षात पहिल्यांदा.

घर जवळ आलं तसा वाटेतच थांबला.

"म्हणजे मागे कोणी नव्हतंच."

वेसाकच्या आदल्या त्या सकाळी तो पुन्हा चढला. पियसीली खाली उभी राहिली.

वारा नव्हता. झावळीही हलत नव्हती.

तो दोर ओलांडून झाडाशी पोचला. मान वळवून मागे पाहिलं...

काहीच फिरलं नाही.

त्याने डोळे मिटून खोडाला कपाळ टेकलं. बराच वेळ. मग हळूच म्हणाला,

"ये."

मागचा रिकामा दोर दबला...

थोडा पुढे दबला... आणखी पुढे...

पावलापावलाने.

विमलदासचे डोळे मिटलेलेच होते. पाहिलं ते पियसीलीने.

वेसाक उलटल्यावर ती एकटीच डॉक्टरकडे गेली. मलाही तपासा, म्हणाली. त्याने तिलाही तसंच उताणं केलं.

"आई, तुम्हाला काही झालेलं नाही."

"नीट बघ बाळा. काहीतरी असेल."

त्याने पुन्हा पाहिलं. बुबुळं हलली नाहीत. नुसती पाण्याने भरली.

विमलदासला तिने अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो वर मागे वळेल, आणि पोराला धरायला दोन्ही हात सोडील.