कसोटीचे पान

ही हकीकत खरी आहे. ज्यांना ती रचलेली वाटेल त्यांनी खुशाल वाद घालावा. माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, तो स्वतःशीच घालून पाहिला आणि तो हरला.

घडली तीही काळोखात नव्हे. रविवारच्या भर दुपारी, लख्ख उजेडाच्या ऑफिसात.

दादाचे काम मोजणीचे. इंटरनेटवरची ठरावीक हजारो पाने त्याचा प्रोग्राम दर रविवारी उघडत असे आणि प्रत्येकावर लेखन किती, चित्रे किती, आवाज किती, व्हिडिओ किती, याची नोंद करत असे. काळ जातो तशी पाने रूप कशी पालटतात, हे त्यावरून कळे.

प्रोग्राम चुकत नाही ना, हे पडताळायला एक पान असे हवे, जे कधीच बदलणार नाही.

दादाने आपल्या मृत धाकट्या बहिणीचे पान लावले. नुसते लेखन. पासवर्ड तिच्याबरोबरच गेलेला.

"अहो, सख्खी बहीण ना ती?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारले.

"म्हणूनच तर. तिच्याइतकं स्थिर दुसरं काय मिळणार?" तो हसला.

मावशीने हात जोडले होते. "निजू दे रे तिला. दर आठवड्याला कशाला उठवतोस?"

"आई, मी कुठे उठवतोय? प्रोग्राम बघतो. आणि तिला काय कळतंय आता?"

पुढच्याच रविवारी त्या पानापुढे नोंद आली… चित्र.

कुणीतरी पान बळकावले असणार, असे म्हणत दादाने ते उघडले. लेखन नाहीसे झाले होते. उरला होता एका बंद दाराचा फोटो.

त्याच्याच घराचे दार.

त्यापुढच्या रविवारी… आवाज.

त्याने हेडफोन लावले. बराच वेळ काहीच नाही. मग भांडे ठेवल्याचा आवाज. मावशीचा खोकला. आणि अगदी कानाशी… कुणाचा तरी श्वास.

मग… व्हिडिओ.

स्वयंपाकघर. ओट्याशी पाठमोरी मावशी. चित्र तिच्याकडे सरकत होते… सावकाश.

दादाने घरी फोन लावला.

"आई, घरात कोण आहे?"

"कोण असणार? धाकटी आलीय." मावशीचा आवाज आनंदी होता. "तू म्हणायचास ना, ती बदलत नाही? फार बदललीय रे… चेहरा म्हणून ओळखू येत नाही."

तो धावतपळत घरी पोहोचला. मावशी टेबलाशी शांत बसली होती. समोरची खुर्ची मागे ओढलेली… रिकामी.

"कुठे आहे ती?"

"गेली की तुझ्या ऑफिसात." मावशीने मान वर केली नाही. "म्हणाली, दादानं मला पुष्कळ मोजलं. आता मी त्याला मोजते."

"आणि तू अडवलं नाहीस तिला?"

"तुला अडवलं होतं. ऐकलंस?"

दादाने ते पान मोजणीतून काढून टाकले. तरीही पुढच्या अहवालात पहिली नोंद त्याचीच… थेट प्रक्षेपण.

पडद्यावर एक पाठ होती. सदरा त्याचा. खुर्चीही त्याचीच.

तो गर्रकन वळला. मागे कुणीही नव्हते.

हल्ली तो खुर्ची भिंतीला घट्ट टेकवून बसतो. मागे बोटभरही जागा नाही.

पडद्यावर अजूनही त्याची पाठच दिसते…

दर रविवारी जरा अधिक जवळून.