गावपळणीतला अहवाल

"अनुजा तुम्हीच ना? तुमच्या घराला कुलूप आहे."

मी चुलीवरून मान वर केली. आचऱ्याच्या वेशीबाहेर, आमच्या झावळ्यांच्या झोपडीपुढे एक तरुण उभा होता. घामेजलेला, हातात फाईल.

"सगळ्या गावालाच कुलूप आहे," मी म्हटलं. "गावपळण आहे. देवाचा कौल झाला की तीन दिवस गावात कोंबडीसुद्धा राहत नाही."

"मी वैभववाडीचा... मला वाटलं, मुलीला घेऊन पळालात." तो ओशाळून हसला. "तसं लिहिलंयसुद्धा."

हसू छान होतं. म्हणूनच मला ते आवडलं नाही.

आई जाऊन चार महिने झाले होते. नऊ वर्षांची दिव्या, माझी बहीण, आता माझ्याकडेच. मी कामावर जाते, पोर एकटी असते, अशी कुणीतरी बाल कल्याण समितीकडे तक्रार केली होती. तिला माझ्याकडे ठेवायचं की बालगृहात, ते चौकशीला आलेल्या या सर्वेशच्या अहवालावर ठरणार होतं.

दिव्या माझ्यामागून कुजबुजली, "ताये, हो आमका धरूक इलो?"

"नाय गो. पेज जेवूक इलो," तोच म्हणाला.

मी आणखी सावध झाले. पेज मात्र वाढली.

"गोड बोलून माहिती काढायला शिकवतात का तुम्हाला?"

"शिकवतात. मला जमत नाही... पेजेत मीठ कमी आहे, लिहू?"

"लिहा. दिव्याला तशीच लागते, तेही लिहा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी फाईलकडे.

गाव परतल्यावर तो दोनदा आला. शाळेत गेला, दुपारी दिव्याला सांभाळणाऱ्या सुशीलाकाकींना भेटला. एकदा मला विचारलं, "तुम्ही शेवटच्या कधी रडलात?"

"हे फॉर्मवर आहे?"

"नाही."

"मग उत्तर नाही."

पुढच्या वेळी आला तो रिकाम्या हाताने.

"फाईल?"

"ऑफिसातल्या दुसऱ्या बाईंकडे दिली. पहिला शेरा चुकला, हे लेखी देऊन."

"का? काय खोट दिसली आमच्यात?"

"खोट दिसेनाशी झाली... म्हणून." तो उंबऱ्याबाहेरच थांबला. "आता तुमच्यासाठी काही करणं माझ्या हातात नाही. तेव्हा विचारायला—"

"निकालाआधी काही विचारू नका."

तो मान हलवून गेला. हाही डाव असेल का, असा मी आठवडाभर विचार करत राहिले.

निकालाच्या दिवशी दिव्याला घेऊन समितीच्या कचेरीबाहेर आले, तर तो फाटकापाशी उभा. आत यायचा त्याला आता अधिकार नव्हता.

"दिव्या माझ्याकडेच राहणार," मी म्हटलं.

त्याने तोंड फिरवलं, चष्मा काढून पुसत राहिला. ते मला दाखवण्यासाठी नव्हतं — एवढं मला कळलं.

"आता विचारा," मी म्हटलं.

त्याने चष्मा घातला, पुन्हा काढला. दिव्याने माझा हात ओढला.

"बेगीन इचारा हो! माका भूक लागली हा."