बाहेरून कडी

तुम्ही खोटं लिहिलंय.

सांता रुफिनाच्या जुन्या मिशन चर्चमधल्या त्या लांबट खोलीबाहेर तुम्ही पितळी पाटी ठोकलीय... ‘इथे अविवाहित मुली राहत व विणकाम शिकत.’

राहत? कोंडल्या जात, असं लिहायला हात लुळा पडला होता काय? दोनशे वर्षांपूर्वी स्पॅनिश पाद्र्यांनी या किनाऱ्यावरच्या मूळच्या लोकांच्या, म्हणजे आमच्या, पोरी आईबापांपासून तोडल्या आणि त्या खोलीत घातल्या. लग्न झालं तरच सुटका. किती जणी त्याआधीच तापाने गेल्या, ते पाटीवर नाही.

म्हणून सांगते. पटो न पटो, हे घडलंय. माझी मावसबहीण डेल्फिना हिच्या बाबतीत. गेल्या नोव्हेंबरात, कॅलिफोर्नियात, भरदुपारी.

तिचं नुकतंच लग्न झालेलं. नवरा रुबेन फरश्या बसवणारा. हनिमूनला त्याला जुनी मिशनं बघायची होती.

“चौथीत शाळेसाठी मी साखरेच्या ठोकळ्यांचं छोटं मिशन बनवलं होतं,” गाडी लावताना तो म्हणाला. “मुंग्यांनी खाल्लं.”

“मुंग्यांना तुझ्यापेक्षा अक्कल होती.”

“बायको झालीस की लगेच टोमणे!”

डेल्फिना हसली. पण आत जायला तिचे पाय उचलेनात.

आमच्या चेपामावशीच्या घरात मुलींच्या खोलीला कडी नाही. कधीच नव्हती. आणि लग्न लागलं की घरातल्या बाया नवरीच्या कानात एवढंच म्हणतात, “सुटलीस गं बाई.” लहानपणी आम्हाला कुणी कारण सांगितलं नाही.

रुबेन ओसरीतल्या जुन्या फरश्या न्याहाळत बसला. डेल्फिनाने पाटी वाचली आणि ती एकटीच आत गेली.

रिकामी खोली. एक मोडका माग. उंचावर एवढीशी खिडकी.

मग... ओल्या लोकरीचा वास आला.

पाठीमागे दार लागलं.

आणि बाहेरून कडी सरकली.

“रुबेन, पुरे झाली चेष्टा!”

तिने दारावर थापा मारल्या. अंगणातली पाखरंही गप्प झाली होती...

कोपऱ्यात कुणीतरी खोकलं. बारीक, दाबून.

मग दुसऱ्या कोपऱ्यात.

मग भिंतीला लागून सगळीकडून...

तिच्या डाव्या हाताला बोटं लागली. गार. लहान. तिची लग्नाची अंगठी चाचपत होती. ती सरली, दुसरी आली. मग आणखी... कुणी ओढत नव्हतं. नुसतं चाचपत होतं.

डेल्फिना सांगते, भीती तिथेच संपली. पोटातून रडू फुटलं. बायांचं ते कानातलं बोलणं कुठून आलं, ते तिला तेव्हा कळलं.

तिने अंगठी काढली. सगळ्यात लहान वाटलेल्या मुठीत ठेवली.

“सुटलीस गं बाई,” ती म्हणाली.

कडी सरकली. दार किलकिलं झालं... आणि परत लागलं.

डेल्फिना आतच होती.

बाहेर रुबेनच्या हातात एक हात आला. त्याची नजर फरश्यांवर.

“किती गारठलीस!” असं म्हणत तो हात धरून फाटकाकडे निघाला.

फाटकाशी हात सुटला.

त्याने वळून पाहिलं... कुणी नाही.

तो धावत परत आला. दार ढकलताच उघडलं. डेल्फिना जमिनीवर बसलेली.

“कडी का लावलीस?” ती ओरडली.

“कुठली कडी?”

दाराला कडी नव्हती. बाहेरच्या अंगाला जुने खिळे उपटल्याची भोकं होती. पुट्टी भरून वर रंग फासलेली.

अंगठी मिळाली नाही.

दोघं हनिमून टाकून थेट चेपामावशीकडे आली. मावशीने सगळं ऐकलं. डेल्फिनाचा रिकामा हात आपल्या हातात घेतला.

मग विचारलं, “एकच सुटली?”

डेल्फिनाला अजून तो खोकला ऐकू येतो. घरात कुणी दार लोटलं तरी ती दचकून उठते आणि उघडून ठेवते.

आता तुम्ही सांगा. ती भोकं तुम्हीच बुजवलीत ना? मग मुली शिकायच्या, तर कडी बाहेरून का होती?

आणि ज्या सुटल्या नाहीत, त्या कुठे पुरल्यात?

नवी पाटी नको. उत्तर द्या.