रुईच्या झाडाबाबतचा अर्ज

विषय: कल्याण व ठाकुर्लीच्या दरम्यान रुळांच्या बांधावर असलेले रुईचे एक झाड तोडण्यास परवानगी मिळणेबाबत. अर्जदार: श्रीपाद नारायण फणसे, मालधक्क्यावरील कारकून. कारण: घराण्यास असलेला शाप.

'कारण' या सदरात खरे कारण लिहिणारा कारकून रेल्वेने तोवर पाहिला नव्हता. त्यामुळे अर्ज टेबलाटेबलावरून फिरला आणि प्रत्येक साहेबाची करमणूक करून पुढे गेला.

श्रीपादला मात्र हसू येत नव्हते. त्याच्या पणजोबांनी लग्नाची बायको टाकून दुसरी केली होती. टाकलेली बाई उंबऱ्याशी येऊन एवढेच बोलून गेली, की या घरातल्या थोरल्याला बायको लाभणार नाही. तेव्हापासून थोरल्याची बायको वंशाला मूल देण्यापुरती टिकायची. श्रीपादही थोरलाच, आणि त्याच्या दोघी तेवढ्याही टिकल्या नाहीत.

अशा माणसाने तिसरे लग्न रुईशी लावायचे, हा रिवाज. भटजींनी बांधावरची एक रुई निवडली, तिला हळदकुंकू लावले, सूत गुंडाळले आणि श्रीपादचे तिच्याशी रीतसर लग्न लावले. आता शाप हिच्या माथी, ही वाळली की गंडांतर टळले, मागे वळून न बघता घरी चला, असे सांगून दक्षिणा घेतली. मग चौथी म्हणून आवडा घरात आली.

श्रीपादने तिला जीव लावला, पण भीत भीत. जेवताना त्याने आणखी भात मागितला की ती गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "अर्ज द्या, विचार करू." दोन बायकांना पोचवून आलेला तो माणूस पानावर बसून हसायला शिकला.

पावसाळा सरला तशी आवडा खंगू लागली. वैद्याला दुखणे सापडेना. एक दिवस रुळांचा मुकादम राघो मालधक्क्यावर आला आणि सहज बोलून गेला, की बांधावरची ती रुई काय तरारली आहे, बाईसाहेब रोज तांब्याभर पाणी घालतात ना.

श्रीपादने घरी येऊन विचारले. तिने नाकारले नाही. मारुतीच्या माळेला पाने आणते, असे सांगून ती जात होती.

"तिच्या गळ्यात सूत बांधलंत आणि उन्हात सोडून आलात," ती म्हणाली. "तीही या घराने टाकलेलीच ना?"

"अगं, ती वाळायला हवी… नाहीतर तू…"

"माझ्याच्याने नाही होत. तुम्ही तोडा."

दुसरा कोणी कोयता घेऊन गेला असता. श्रीपादने अर्ज लिहिला. रेल्वेच्या हद्दीतली काडीसुद्धा विनापरवाना तोडायची नाही, हे त्याच्या हाडीमाशी भिनले होते. वरून विचारणा आली, की सदर वनस्पती झाड आहे की झुडूप. त्याने सविस्तर उत्तर पाठवले. तोवर आवडाने अंथरूण धरले.

शेवटी एका तिन्हीसांजेला तो कोयता घेऊन निघालाच. आवडाला तेव्हा कूसही बदलवत नव्हती. उशाशी आत्या गंगुबाई बसली होती. बांधावर पोचला तेव्हा मालगाडी नुकतीच गेली होती आणि रूळ अजून बारीक वाजत होते. चिकाचा कडवट वास सुटला होता. तो वाकला. बुंध्याशी माती ओली होती, आत्ताच कोणी पाणी ओतून गेल्यासारखी. त्याने फांदी धरली. फांदी ऊन लागली, ताप चढलेल्या मनगटासारखी.

"अहो… मी आहे."

आवाज आवडाचा होता. श्रीपादने कोयता टाकला आणि घराकडे धावत सुटला.

गंगुबाई उंबऱ्यावर येऊन बसली होती.

"आत्ता गेली रे," ती म्हणाली. "सारखं पाणी मागत होती. तोंडाशी भांडं नेलं, तर म्हणाली… इथे नको."

दिवसकार्य आटोपून श्रीपाद कामावर रुजू झाला, तेव्हा टेबलावर परवानगी येऊन पडली होती. तोडणीचे काम राघोने करावे, असा हुकूमही सुटला होता. रेल्वे एरवी इतकी तत्पर नसे. श्रीपादने त्याच दिवशी दुसरा अर्ज दिला, की परवानगी रद्द व्हावी. 'कारण' या सदरात त्याने लिहिले: सदर झाड ही अर्जदाराची विवाहित पत्नी आहे.

या वेळी कोणी हसले नाही. तोडणी थांबवून राघोकडून खुलासा मागवण्यात आला. राघोने अंगठा उठवून कळवले, की आपण जातीने पाळत ठेवली. बांधावर कोणी फिरकत नाही, फणसे कारकूनही येत नाहीत. बुंध्याशी माती मात्र रोज ओली सापडते.

अर्ज अद्याप विचाराधीन आहे.