‘घेतलं’ म्हटल्याशिवाय

ताई, धर गं जरा याला. घे… आता ‘घेतलं’ म्हण. हसतेस काय, म्हण ना! हां. आता सोडते हात. बस अशी खिडकीपाशी. या दुपट्यांच्या घड्या घालता घालता सांगते तुला. परवापासून कोणाला तरी सांगायला जीव नुसता उतावीळ झालाय माझा!

हा आमच्या घरचा नियम. बाळ अगदी लहान होतं तेव्हा एकदा मला वाटलं ते त्याच्या बाबाकडे आहे, बाबाला वाटलं माझ्याकडे आहे, आणि आमचं गाठोडं पलंगाच्या कडेला एकटंच पाय झाडतंय! तेव्हापासून ठरलं. देणाऱ्याने ‘घे’ म्हणायचं, घेणाऱ्याने ‘घेतलं’ म्हणायचं, आणि ते कानावर पडेपर्यंत देणाऱ्याने हात सोडायचा नाही. आमची थोरली ठकी तर या नियमाची फौजदार! वय वर्षं चार, पण बाबाने नुसतं ‘हं’ केलेलं तिला चालत नाही. तिला स्वतःला कडेवर यायचं असलं तरी दोन्ही हात वर करून ‘घे!’ म्हणून ओरडते.

तर परवा चौघांचा पहिला फोटो काढायला जायचं होतं. घरात नुसती लगीनघाई! ठकीचा निळा फ्रॉक पलंगावर मांडलेला, ती आरशासमोर हसण्याचा सराव करून दमलेली, आणि मी दुपारीच दोघांना घेऊन बाथरूममध्ये. बाळ टबात, ठकी स्टुलावर उभी. नळ धो धो चालू. गाणी म्हणत होतो आम्ही. खरं सांगते, इतकी आनंदात मी कित्येक दिवसांत नव्हते.

बाळाचं उरकलं, नळ बंद केला. वारा लागू नये म्हणून मी दार फक्त फटीपुरतं उघडलं, तसंच करतो आम्ही नेहमी. बाहेरून बाबा टॉवेल पसरून हात आत घालतो. फटीतून पिवळा टॉवेल आत आला. त्याच्याखाली हात होते. बंद पेटीतल्या कपड्यांना येतो ना, तसा कुबट वास आला एकदम. म्हटलं, टॉवेल नीट वाळला नसेल.

“घे,” मी म्हटलं.

“घेतलं…”

अगदी हळू. मला वाटलं, बाळ पेंगतंय म्हणून हळू बोलला असेल. मी हात सोडले आणि ठकीच्या डोक्याला साबण लावायला लागले.

आणि बाहेरच्या दाराचं कुलूप उघडल्याचा आवाज आला गं!

“मिळाले एकदाचे इस्त्रीचे कपडे!” नवरा दारातूनच ओरडत आला. “गाठोडं झालं का तयार? दे इकडे, मी पुसतो.”

मी दार सताड उघडलं. “तुझ्याकडे… तुझ्याकडे नाहीये?”

“मी खाली गेलो होतो ना! कुलूप लावून जातो म्हणून ओरडून सांगितलं की तुला.”

तेव्हा नळाच्या आवाजात मला काय ऐकू येणार, कप्पाळ! साबणाच्या हातांनीच मी धावले. तो धावला. हॉलमध्ये नाही, पलंगावर नाही. आतल्या खोलीत पाळणा… आपोआप झुलत होता. आणि त्यात बाळ. कोरडं, पावडर लावलेलं, हनुवटीपर्यंत घट्ट गुंडाळलेलं, कानाखाली दुपट्याची एक छोटीशी गाठ. गाढ झोपलेलं! ताई, हे पोर उन्हं असताना डोळा मिटत नाही. आणि तशी गाठ ना मला येते, ना त्याला.

मी रडत होते की हसत होते, माझं मलाच कळेना. सापडलं ना बाई, एकदाचं सापडलं! दोघं पाळण्यावर ओणवून नुसतं त्याच्याकडे बघत राहिलो.

आणि तेवढ्यात बाथरूममधून ठकीचा खणखणीत आवाज आला.

“घे!”

मग हळूच…

“घेतलं…”

कशी पोचले तिथे, देव जाणे. ठकी दाराबाहेर उभी होती. केस पुसलेले, टॉवेलात गुंडाळलेली, कानाखाली तीच गाठ. बाकी कोणी नाही. मी गुडघ्यांवर बसले, हात पसरले. “ये गं माझ्या सोन्या, ये.”

ती जागची हलली नाही. मान हलवून म्हणाली, “असं कसं? तिने अजून ‘घे’ कुठे म्हटलंय?”

“कोणी गं राणी… कोणी?”

ठकीने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. “तिचे हात भरलेत ना आता,” एवढंच म्हणाली.

फोटो राहिला तो राहिलाच. तेव्हापासून दोघांपैकी कोणालाही उचलताना क्षणभर ते उचललं जात नाही. पलीकडून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं. मग मी मोठ्याने ‘घेतलं’ म्हणते, तेव्हा कुठे सुटतं. नवरा म्हणतो, तुझ्या मनाचे खेळ आहेत. म्हणू दे. माझी पोरं आहेत ती, दिवसातून शंभर वेळा म्हणेन मी! आत्ता तुझ्या कुशीत ते कसं शांत पडलंय बघ, किती बरं वाटतंय मला.

झाल्या माझ्या घड्या. आण आता त्याला इकडे. म्हण ‘घे’.

घेतलं.

सोड ना.

ताई, घेतलं म्हटलं ना मी! सोड की हात…

सोडलेस? दोन्ही?